वाद्याला पाय लावणारी मुलगी

माझ्या पायांबद्दल जगात बऱ्याच ठिकाणी लिहून आलं आहे. खरं तर हातांबद्दल लिहायला हवं होतं, कारण पियानो हातांनी वाजवतात. पण साडी नेसलेली बाई अनवाणी येऊन पियानोपाशी बसली, की परदेशी समीक्षकाची नजर आधी खाली जाते. एकाने लिहिलं, मला जमिनीतून स्पंदनं घ्यायची असतात. दुसऱ्याला त्यात योगविद्या दिसली. एका बाईंनी माझ्या पावलांत स्त्रीमुक्ती पाहिली. ते वाचायला बरं वाटलं म्हणून मी खोडून काढायला गेले नाही. खरी गोष्ट गिरगावातल्या फणसवाडीत घडली आणि तिच्यात योग वगैरे काही नाही, अण्णा आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमची कारकीर्द लिहा." कारकीर्द लिहायची तर कुठल्या शहरात कुठे वाजवलं त्याची जंत्री होईल, आणि जंत्री वाचण्यासाठी कोणी चकली खाली ठेवत नाही. त्यापेक्षा मी पायांचंच सांगते. माझी सगळी कारकीर्द त्यांच्यावर उभी आहे.

आधी आमच्या धंद्याविषयी थोडं. सतारिया आपली सतार घेऊन येतो, तबलजी आपला तबला. पियानो वाजवणारा मात्र हात हलवत जातो आणि तिथे जो पियानो असेल तो वाजवतो. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या शेगडीवर, दुसऱ्याच्या तव्यावर घावनं घालण्यासारखं आहे हे. तवा कुठे तापतो आणि कुठे चिकटतो ते कळायच्या आत पाहुणे पानावर बसलेले असतात. एका पियानोच्या पट्ट्या इतक्या जड, की तासाभरात मनगटं भरून येतात. दुसऱ्याच्या इतक्या हलक्या, की नुसतं बोट ठेवलं तरी तो बोलायला लागतो. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तासभर त्याच्याशी ओळख करून घ्यायची आणि संध्याकाळी जन्माची मैत्री असल्यासारखं वाजवायचं, हा आमचा धंदा.

आता पेडल. पियानोत तारा असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पट्टी दाबली की आतला हातोडा तारेवर पडतो आणि सूर निघतो. बोट उचललं की एक लोकरी गादी तारेवर येऊन बसते आणि सूर बंद होतो. उजव्या पायाखालचं पेडल दाबलं, की या सगळ्या गाद्या एकदम वर उचलल्या जातात. मग बोट उचललं तरी सूर वाजत राहतो, पुढच्या सुरात मिसळतो, सगळ्या वाद्याला एक ओलावा येतो. पेडलशिवाय पियानो वाजतो, पण कोरडा वाजतो. शिकलेल्या माणसाचा पाय त्याच्या हाताइतकंच काम करतो आणि ते काम कोणाला दिसत नाही.

अण्णांना मात्र ते दिसलं.

अण्णा लालबागच्या एका गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. घरी पेटी वाजवायचे. आमच्या चाळीत दर गुरुवारी भजन असे, त्यात पेटी अण्णांचीच. पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण सगळेच हात लावून नमस्कार करतो. आमच्या घरी पेटीला पाय लागला तर तेवढ्यावर भागत नसे. अण्णा रागवायचे नाहीत, पण त्यांचा चेहरा असा उतरायचा की दिवसभर घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. दोन खोल्यांच्या घरात पाय तरी किती सांभाळणार? आम्ही सांभाळायचो.

गिरणीच्या मॅनेजरसाहेबांची बहीण दादरच्या पारशी कॉलनीत, साहेबांच्याच घरी, पियानो शिकवायची. तिला सगळे नुसतं मिस म्हणत. एका रविवारी साहेबांकडे काही कागद पोचवायला जाताना अण्णांनी मला बरोबर नेलं. मिस वाजवत होती. अण्णा कागद देऊन निघाले, तर मी खांबाला धरून उभी, हलेना. मिसने मला बोलावून एक पट्टी दाबायला लावली आणि मग दुसरी. शेवटी अण्णांना म्हणाली, "हेडक्लार्क, ही पोरगी मला देऊन टाक." अण्णा हसले आणि दर रविवारी मला घेऊन येऊ लागले. शिकवणी चालू असताना ते बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत बसत.

काही महिन्यांनी माझे पाय जरा लांब झाले. मिसने मला स्टुलाच्या कडेवर बसवून पेडल दाखवलं. मी पाय ताणून ते दाबलं आणि सगळी खोली आवाजाने भरून गेली. मला इतका आनंद झाला की मी ओरडले. त्या ओरडण्याने अण्णा आत आले.

"नंदा, पाय काढ," अण्णा म्हणाले.

मी पाय काढला. आवाज एकदम बंद पडला.

"मिस, वाद्य म्हणजे सरस्वती. तिला पाय लावून वाजवायचं असेल, तर माझी मुलगी शिकणार नाही."

मिसने चष्मा काढला. "तुमी काय बोलते हेडक्लार्क? पेडल पायानेच दाबते. नाकाने दाबू काय?"

"मग राहू द्या," अण्णा म्हणाले आणि माझा हात धरून निघाले. मी माटुंग्याच्या बाजारापर्यंत रडत होते. अण्णांनी मला पेरू घेऊन दिला, तो मी खाल्ला नाही. आमच्यात हा फार मोठा निषेध होता.

पुढच्याच आठवड्यात साहेबांच्या शिपायाबरोबर मिसचा निरोप आला. पाय नाय तर नाय, पोरीला पाठवा. मिसने मला स्टुलावर बसवलं, माझी दोन्ही पावलं स्टुलाच्या मागच्या दांडीला अडकवली आणि म्हणाली, "तुझा बाप सांगते पाय नाय, तर पाय नाय. जुन्या वख्तमां पेडल होता काय? तरी लोक वाजवत होते. बोटं हाय ना दहा? त्यांना काम दे."

मग मला ती विद्या मिळाली, जिच्या जोरावर मी पुढे जगले. पेडल नसताना सूर जोडायचा तर एक पट्टी सोडायच्या आत दुसरी धरावी लागते. बोटं कमी पडतात. म्हणून दाबलेल्या पट्टीवरच बोट बदलायचं. मधल्या बोटाने पट्टी दाबलेली असताना करंगळी हळूच तिथे सरकवायची, पट्टी वर येऊ न देता, आणि मधलं बोट पुढच्या कामाला मोकळं करायचं. चालत्या बसमध्ये आपण एक दांडी सोडण्याआधी दुसरी धरतो, तसंच. हे कोणाला ऐकू येत नाही आणि येऊही नये. मिसच्या घरी इतर मुलं पेडल दाबून मजेत वाजवायची, आणि मी दांडीला पाय अडकवून एकेका ओळीवर बोटं बदलत बसायची. बोटं दुखायची, राग यायचा. राग अण्णांवर काढता येत नव्हता, तो आईवर काढायची.

अशी वर्षं गेली. एक वेळ अशी आली, की बोटांनी जे होण्यासारखं होतं ते झालं. पुढच्या काळातल्या रचना पेडल गृहीत धरूनच लिहिलेल्या. बाहेरदेशी शिकायला जायची संधी आली होती आणि तिथे त्याच रचना वाजवून दाखवायच्या होत्या. मिस स्वतः फणसवाडीत आली. आमच्या चाळीचे जिने चढून, धापा टाकत, आईने दिलेलं पाणी पिऊन म्हणाली, "हेडक्लार्क, हात संपला. आता पाय पायजे. नायतर ही पोरगी घरच्या घरी वाजवेल आनि म्हातारी होईल."

शेजारचे बापूकाका दारात उभे होते. बापूकाकांनी उभी हयात संगीत नाटकांच्या कंपन्यांत ऑर्गन वाजवला होता. ते आत येऊन बसले.

"अण्णा," ते म्हणाले, "मी जन्मभर ऑर्गन वाजवला तो काय कोपरांनी? पायच मारत होतो की."

अण्णांकडे याचं उत्तर तयार होतं. "ऑर्गनचं वेगळं, बापूराव. तिथे पाय भात्याला लागतो, वाऱ्याला लागतो. इथे पाय थेट तारांपर्यंत पोचतो. मी मिसकडे झाकण उघडून बघून आलोय."

ते कधी बघून आले होते, कोण जाणे. मिस माझ्याकडे बघायला लागली आणि मी जमिनीकडे.

बापूकाकांनी मांडी बदलली. "बाबुलनाथाला जाता ना तुम्ही?"

"दर सोमवारी."

"पायऱ्या कशाने चढता?"

अण्णांनी आपल्या पावलांकडे बघितलं.

"पायऱ्या देवळाच्याच ना? पाय लागतोच. आपण काय करतो, तर चपला खाली काढतो, पहिल्या पायरीला हात लावतो, तो कपाळाला लावतो आणि चढतो. न चढता दर्शन कसं होणार?"

आईने चहा आणला तो निवून गेला. अण्णांनी मग एकेक शब्द मोजून सांगितलं. "चपला काढायच्या. बसायच्या आधी पेडलला हात लावून नमस्कार करायचा. आणि मी बघायला येणार नाही. ऐकेन. बघणार नाही."

मला वाटलं, माझं जग जिंकून झालं. तिसरी अट किती मोठी आहे ते कळायचं माझं वय नव्हतं.

मी बाहेरदेशी शिकले, परत आले, पुन्हा गेले, वाजवत राहिले. प्रत्येक मंचावर पहिल्यांदा वाकून पेडलला हात लावला. सुरुवातीला प्रेक्षकांना वाटायचं, बाईंच्या कानातलं पडलं. एका शहरात पहिल्या रांगेतले एक सभ्य आजोबा उठून ते शोधायला मदत करायला आले होते. हिवाळ्यात काही सभागृहांची जमीन अशी गार, की पाय बधिर होऊन पेडल दाबलंय की नाही ते समजायचं नाही. पण अट ती अट.

मिस गेली तेव्हा तिचा उभा पियानो माझ्या नावाने ठेवून गेली. तो आमच्या चाळीत चढवायचा कसा, हा प्रश्न होता. पियानो हलवणारी माणसं जिना बघून परत गेली. तेव्हा अण्णांनी लालबागला निरोप पाठवला. गणपतीच्या कारखान्यांतून मोठमोठ्या मूर्ती बाहेर काढणारी माणसं अण्णांच्या ओळखीची होती. ती आली, जिन्याकडे एकदा बघितलं, पियानोकडे एकदा बघितलं. त्यांचा मुकादम म्हणाला, "अण्णा, बाप्पाचा हात मोडला तर मंडळ आमका सोडत नाय. ह्या तर लाकूड हा." दोर, बांबू आणि गोणपाट घेऊन त्यांनी तो वर नेला, आणि वर पोचल्यावर सवयीने 'मोरया' म्हणाले. सगळी चाळ म्हणाली. मी बऱ्याच मोठ्या सभागृहांत टाळ्या घेतल्या आहेत, पण पियानोला मिळालेली तेवढी दाद मी दुसरीकडे ऐकली नाही.

दसऱ्याला चाळीतल्या बायकांनी त्याची पूजा केली. झेंडूचं तोरण, हळदकुंकू आणि वर मूठ मूठ अक्षता. झाकण उघडं होतं. अक्षता आत गेल्या, आणि दिवाळीपर्यंत खालच्या सुरांत तांदूळ नाचत होते. ते दुरुस्त करायला आलेल्या माणसाने आतून तांदूळ, कुंकू आणि आपट्याचं एक पान काढून माझ्या हातावर ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरी दसऱ्याला पूजा होते, पण झाकण लावून.

आणि गिऱ्हाइकं. माटुंग्याच्या एका गृहस्थांनी मुलाच्या लग्नात पियानोवर मंगलाष्टकं वाजवायला बोलावलं होतं. मी वाजवली. गुरुजींना ताल सापडेना, 'सावधान' भलत्याच जागी येऊ लागलं, आणि अंतरपाट दोनदा खाली घेऊन परत वर धरावा लागला. लग्न टिकलं आहे, मी चौकशी ठेवून असते. दादरच्या एका कार्यक्रमानंतर एक आजी जवळ येऊन माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "छान वाजवलंस हो. पण गायला येणार होत्या त्या आल्याच नाहीत का?" त्यांना मी म्हटलं, गाडी चुकली त्यांची. त्या हळहळल्या.

फणसवाडीची मंडळी माझ्या मुंबईतल्या प्रत्येक कार्यक्रमाला यायची आणि चांगली जागा आली की मोठ्याने 'वा' म्हणायची. या संगीतात मध्येच दाद देत नाहीत, शेवटी टाळ्या वाजवायच्या असतात. नेहमीचे श्रोते वळून वळून बघायचे. मी कधी कोणाला गप्प बसायला सांगितलं नाही. गिरगावात वाढलेल्या माणसाला 'वा' ऐकू आली नाही, तर आपण बरं वाजवतोय हे कळणार कसं?

त्या सगळ्यांत आई असायची, पहिल्या रांगेत. अण्णा नसायचे. घरी मी रियाज करायला बसले की अण्णा खुर्ची गॅलरीत नेऊन माझ्याकडे पाठ करून बसत. तासन्‌तास. खाली रस्त्यावर काय चाललंय ते बघत असतील, असं मला वाटायचं. कार्यक्रमाहून आई परत आली की तिला एवढंच विचारायचे, "लोक होते का?" आई मग सगळं सांगायची, कोणती साडी, किती टाळ्या, कोण काय म्हणालं. एवढं जग फिरले, पण वडिलांनी मला मंचावर बघितलं नाही, हे मनात सलायचं. शब्दाला जागणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

पुढे आई गेली. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो. नवीन गॅलरीतही अण्णा पाठ करूनच बसत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. परदेशातला एक नावाजलेला वाद्यवृंद मुंबईत येणार होता. त्यांच्याबरोबर वाजवणारा पियानोवादक ऐनवेळी आजारी पडला आणि आयोजकांनी मला विचारलं. त्यांना कॉन्चेर्तो वाजवायचा होता. कॉन्चेर्तो म्हणजे एका बाजूला अख्खा वाद्यवृंद आणि दुसऱ्या बाजूला एकटा पियानो, आणि दोघांचं बोलणं. मी हो म्हटलं. नंतर कळलं की त्यांच्या संचालकाने, उंच आणि गंभीर माणूस तो, दुसरं कोणी मिळतंय का, अशी सौम्य चौकशी केली होती. तालमीत मी वाकून पेडलला हात लावला, तेव्हा त्याने घड्याळ बघितलं.

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मी येतो."

मला वाटलं, चुकीचं ऐकलं.

"हल्ली लांबचं मला दिसतंच कुठे? सगळं धूसर असतं," अण्णा म्हणाले. "मागे बसलो तर अट मोडत नाही."

एवढी वर्षं मी ज्याची वाट बघत होते, ते मोतीबिंदूमुळे का होईना, मिळत होतं. मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

सभागृह फोर्टातलं, जुनं, भरलेलं. अण्णा मागच्या रांगेत, बाजूला फणसवाडीची मंडळी. पहिला भाग चांगला गेला. दुसरा भाग संथ, आणि त्याची सुरुवात पियानो एकटाच करतो. वाद्यवृंद गप्प, संचालक हात खाली घेऊन उभा. मी पहिला स्वर धरला, पेडल दाबलं आणि माझा पाय नुसताच खाली गेला. आतली दांडी निसटली होती. पेडल पायाखाली लुळं पडलं होतं.

पहिल्या स्वरानंतर थांबता येत नाही. थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता, पियानो माझा थोडाच होता? पण समोर घड्याळ बघणारा संचालक होता आणि मागे, आयुष्यात पहिल्यांदा, माझे वडील. मी पाय काढला, स्टुलाखाली मागे घेतला, आणि बोटं आपण होऊन कामाला लागली. पट्टीवर बोट बदल, ती सोडू नकोस, ही धर, आता अंगठा सरकव. मिसचा आवाज कानात होता. एवढ्या मोठ्या भागात एवढा वेळ हे मी शाळकरी वयानंतर केलं नव्हतं. पाठ घामाने भिजली. संचालकाच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने वाद्यवृंद आत आणला तो इतका हळू, जसं कोणी झोपलेल्या मुलाच्या खोलीत पाऊल टाकावं. मग तो माझ्याकडेच बघत राहिला आणि माझ्या श्वासावर त्यांना चालवत राहिला. सूर तुटला नाही. एकाही जागी तुटला नाही, हे मी आज छाती पुढे काढून लिहिते.

भाग संपला तेव्हा त्याने डोळ्यांनी विचारलं, थांबायचं? मी नकारार्थी मान हलवली. तिसरा भाग वेगाचा, त्याला बोटंच लागतात. आम्ही तसेच सुटलो. मध्यावर एक उतरती तान आहे, ती मी टाकली आणि मागून फणसवाडी गरजली, "वा!" संचालक हसला. त्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. शेवटचा सूर पडला आणि सगळं सभागृह उभं राहिलं. पुन्हा पुन्हा बाहेर यावं लागलं. तिसऱ्या खेपेला संचालक माझा हात धरून कानाशी वाकला आणि म्हणाला, पेडल गेलं होतं ना? हे कुठे शिकलात?

मी म्हटलं, "फणसवाडीत." त्याने मान डोलावली, जणू ते एखाद्या मोठ्या विद्यालयाचं नाव असावं.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने लिहिलं, की संथ भागात पेडल पूर्ण वर्ज्य करण्याचा निर्णय धाडसी होता आणि त्यातून जुन्या शैलीचा गाढा अभ्यास दिसला. ते कात्रण मी जपून ठेवलं आहे.

त्या संध्याकाळी मात्र आत, कपडे बदलायच्या खोलीत, माणसांची रीघ लागली होती. अण्णा कोपऱ्यात काठी धरून बसले होते. सगळे गेल्यावर ते म्हणाले, "नंदे, मधल्या भागात पाय कुठे होता तुझा?"

एवढ्या लांबून त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

"अण्णा, तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? घरी तो भाग वाजवतेस तेव्हा सूर एकमेकांच्या गळ्यात पडतात. आज नुसते शेजारी बसले होते. नीटनेटके, पण शेजारी." त्यांनी काठी घट्ट धरली. "मी आलोय म्हणून पाय काढलास का तू?"

आवाज त्यांचा होता, पण असा मी कधी ऐकला नव्हता. एवढा वेळ ते त्या कोपऱ्यात हेच मनात धरून बसले होते.

"नाही हो अण्णा. पेडल तुटलं होतं."

"खरं सांगतेस?"

"तुमची शपथ."

त्यांनी सुस्कारा सोडला. "मग ठीक. माझ्यासाठी सूर उपाशी ठेवायचे नाहीत, काय? मला दाखव ते."

मी त्यांना मंचावर नेलं. सभागृह रिकामं झालं होतं, दिवे चालू होते. पियानोची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी दांडी जागेवर बसवली होती. अण्णा म्हणाले, "वाजव. मधला भाग. पाय लावून."

मी वाकून पेडलला हात लावला, बसले आणि वाजवू लागले. अण्णा मागे गेले नाहीत. ते पियानोच्या कडेला हात धरून जवळ आले, आणखी जवळ आले आणि खाली वाकले. जवळचं त्यांना दिसतं. त्यांनी पाठ फिरवली नाही, डोळे मिटले नाहीत. माझा पाय पेडलवर खाली जात होता, वर येत होता, आणि माझे वडील तो बघत होते. मला पट्ट्या दिसेनाशा झाल्या, बोटं वाजवत राहिली.

मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "टाचेला आणि अंगठ्याला केवढा घट्टा पडलाय, नंदे."

"अनवाणी वाजवते ना."

"तिकडे थंडी असते म्हणतात."

"असते."

अण्णांनी पुन्हा पेडलकडे बघितलं. मग म्हणाले, "मोजे घातलेस तरी चालेल. मी सांगतो सरस्वतीला."

गेल्या हिवाळ्यात मी उत्तरेकडच्या एका शहरात वाजवायला गेले. बॅग उघडली तर साडीवर लोकरीच्या मोज्यांचा जोड होता. नव्वदीला टेकलेल्या माणसाने टॉवरच्या वॉचमनला पाठवून कुठून तरी आणवलेला, जरा मोठ्या मापाचा. आतल्या खोलीत मी ते घातले आणि पाय चांगले गरम करून घेतले. माझं नाव पुकारलं तेव्हा काढून, घडी करून खुर्चीवर ठेवले आणि अनवाणी बाहेर गेले. रात्री अण्णांचा फोन आला. पहिला प्रश्न नेहमीचाच होता, लोक होते का. दुसरा होता, मोजे घातलेस का. मी दोन्हींना हो म्हटलं.